हातवळण

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. आमचे राहू हे गाव दौंड तालुक्यात. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा आणि पलीकडे शिरूर तालुका. मधल्या या पट्ट्याला सगळे ‘राहू बेट’ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास बेटात ऊस डोक्यावर गेलेला असतो, गुऱ्हाळांची चुलवाणे पेटलेली असतात, आणि पहाटेच्या गारव्यात काहिलीतल्या रसाचा वास उटण्याच्या वासात मिसळून जातो. अभ्यंगस्नाने उरकली होती, पोरांचे फटाके संपत आले होते, वहिनींनी फराळाची ताटे मांडली होती. सारे कसे मंगल होते. आणि माझा पुतण्या मात्र मांडीवर संगणक घेऊन ओट्यावर चरफडत बसला होता.

तो पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. परदेशी गिऱ्हाइकाला नरकचतुर्दशी ठाऊक नसते, म्हणून दोन तास काम करणे त्याला भाग होते. पण चरफड कामाबद्दल नव्हती. सुताराला जसा ठोकळा आणि रंधा, तसे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही एक हत्यार असते. त्यातच तो लिहितो, त्यातच चुका शोधतो, त्यातच लिहिलेले चालवून पाहतो. ते हत्यार आदल्या रात्री आपोआप ‘नवे’ झाले होते. डावीकडची यादी उजवीकडे गेली होती. प्रोग्रॅम चालवण्याचे हिरवे बटण करडे होऊन कोपऱ्यात सरकले होते. आणि ओळ लिहिता लिहिता मध्येच एक चौकट उघडून ‘तुम्हांला हे म्हणायचे आहे का?’ असे विचारू लागली होती. सवयीने टॅबची कळ दाबली की नको असलेला शब्द ओळीत येऊन बसे.

“अरे, एवढ्याएवढ्याशा गोष्टीसाठी सणाच्या दिवशी तोंड पाडून बसतोस?” वहिनी म्हणाल्या.

“आई,” तो म्हणाला, “तुझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुणी रात्रीत फिरवून ठेवल्या तर?”

वहिनी काही बोलल्या नाहीत. फोडणी करताना बाई डब्याकडे बघत नाही. मोहरी कुठे आणि हळद कुठे हे डोळ्यांना नव्हे, हाताला ठाऊक असते. तेल तापलेले असताना मोहरीच्या जागी मेथी हाती आली, तर होणारा घोटाळा लहान म्हणायचा की मोठा, हे आमटी खाणाऱ्याने ठरवावे.

मला मात्र त्या वाक्याने विचारात टाकले. हत्यारांचा इतिहास लिहिणारे मोठमोठ्या शोधांविषयी लिहितात: छापखाना आला, टंकयंत्र आले, संगणक आला. पण प्रत्येक आगमनाबरोबर कुणाच्या तरी बोटांची वाट मोडली, त्या बारीक कुरकुरीचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही. माझ्या आयुष्यात अशा तीन-चार वाटा मोडल्या; त्यांतली एक मोडताना मी स्वतः एका गरीब बाईवर अन्याय केला. म्हणून हा खटाटोप.

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचे कागद आहेत. सारे मोडीतले. मोडी ही हातासाठी घडलेली लिपी. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरे लटकवीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तिच्यात नाही. इकार एकच, उकार एकच. कारकुनाला वेग हवा होता, तो तिने दिला. शेकडो वर्षे मराठी मुलखाचा हिशेब, करार, फैसले आणि भांडणे या लिपीत लिहिली गेली. पोथ्या मात्र बाळबोधीत, म्हणजे आज आपण देवनागरी म्हणतो तिच्यात.

मग छापखाना आला. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपुरास, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरी खिळ्यांनी. पुढे तिथे मोडीचेही खिळे पाडण्यात आले. पण सुटी सुटी अक्षरे ओतायची म्हटली की मोडीचा मूळ गुणच, एकाला एक जोडून धावण्याचा, तिच्या आड येतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या सुबक देवनागरीने मराठी डोळ्यांना कायमचे वळण लावले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही उठली.

हा बदल वाईट झाला असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. एक लिपी झाल्याने लहान मुलापासून न्यायाधीशापर्यंत सारे एकच अक्षर वाचू लागले. हा लाभ थोडा नव्हे. पण जुन्या वाटेवरून नव्या वाटेवर यायला पूल ठेवला गेला नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्यांच्या पणजोबांनी ती अक्षरे लिहिली, त्या घरांत ती कुणाला वाचता येत नव्हती. आमच्या ट्रंकेचीही तीच कथा. आजोबा मला शिकवायला तयार होते, “आता कोण वाचतो ते?” असे म्हणून मीच पळालो.

खिळ्यांवरून आमच्याच तालुक्यातली एक गोष्ट आठवते. राहूसारखेच दौंड तालुक्यातले केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते छापण्याचे काम मिशनमधल्या बायका-मुलींनी केले. १९२२ साली रमाबाई वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. दुष्काळाने किंवा वैधव्याने देशोधडीस लागलेल्या मुली एकेक खिळा वेचून पाने जुळवीत होत्या, हे चित्र मी अनेकदा डोळ्यांसमोर आणले आहे.

देवनागरी खिळे जुळवणे हे रोमन खिळ्यांसारखे सोपे काम नव्हे. काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे होतात आणि प्रत्येकाला केसमध्ये आपला खण असतो. ते कमी करण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनी बुद्धी खर्च केली होती, यावरून त्या त्रासाची कल्पना यावी. जुना जुळारी केसकडे बघत नसे. डोळा हस्तलिखितावर, उजवा हात खणांवरून फिरतो आहे, डाव्या हातातली पट्टी भरते आहे, असे ते काम. अशा माणसाचे चार खण रात्रीत इकडचे तिकडे केले तर दुसऱ्या दिवशीच्या छापात काय उमटेल, याचा विचार करावा. जुळाऱ्याचा वेग केसमध्ये नसतो, हातात असतो. आणि केस फिरवणारा नकळत तो हातातून काढून घेतो.

माझे स्वतःचे हात तयार झाले ते टंकयंत्रावर. १९७४ साली मी मराठी टंकलेखन शिकलो. गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र १९५५ सालीच काढले होते. माझी नोकरीची पहिली वर्षे अशाच एका लोखंडी यंत्रापुढे गेली. त्या यंत्राचा नियम हाताच्या लेखणीसारखा होता. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. ‘धर्म’ लिहायचा तर ध, म आणि शेवटी वरचा रफार. डोळ्याला जे जिथे दिसते, त्याच क्रमाने कळा दाबायच्या. पंचवीस वर्षे माझी बोटे त्या वाटेने गेली.

मग संगणक आला. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा. त्या सुमारास इन्स्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी ठरली आणि १९९१ साली ती राष्ट्रीय प्रमाणात आली. मांडणी अतिशय शास्त्रशुद्ध: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि मराठी, बंगाली, तमिळ, कोणतीही लिपी असो, ‘क’ची कळ तीच. पण तिने क्रम डोळ्याचा नव्हे, जिभेचा धरला. जीभ आधी ‘क’ म्हणते, मग ‘इ’; तेव्हा आधी क दाबा, मग वेलांटी. ‘धर्म’मध्ये र आधी उच्चारला जातो, तेव्हा र आधी, म मागून.

बुद्धीला हे लगेच पटले. बोटांना पटायला दोन वर्षे लागली. ‘किती’ लिहायला जावे आणि वेलांटी मागच्या शब्दाच्या शेपटीला जाऊन चिकटावी! साहेब तरुण होते. ते म्हणाले, “अहो, क्रमच तर बदलला आहे. एवढे काय त्यात?” खरेच एवढे काही नव्हते. पण दिवसाला हजार वेळा ‘एवढेसे’ झाले म्हणजे त्याची बेरीज केवढी होते, हे साहेबांच्या हिशेबात नव्हते. माझ्या वयाच्या एका सहकाऱ्याने यंत्राला हात लावणेच सोडले. त्याचे अक्षर सुंदर होते आणि मसुदा त्याहून सुंदर. उरलेली नोकरी त्याने टपाल नोंदवण्यात काढली. एका वेलांटीने कचेरीने एक उत्तम मसुदेकार घालवला.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मला आपल्या धंद्यातल्या जुन्या कथा सांगितल्या. त्या ऐकून माझी करमणूक झाली, कारण जिथे यंत्रे घडतात तिथेही माणसेच राहतात.

पहिली कथा सवयीच्या चिवटपणाची. १९७६ साली बिल जॉय नावाच्या तरुणाने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला ‘व्हीआय’ नावाचे लिहिण्याचे हत्यार बनवले. ज्या यंत्रावर तो काम करीत होता, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच चार दिशांचे बाण छापलेले होते. म्हणून त्याने त्या चार अक्षरांना चार दिशा नेमून दिल्या. ते यंत्र कधीच अडगळीत गेले. पण त्या हत्याराच्या आजच्या वारसांतही लोक त्याच चार अक्षरांनी वर-खाली जातात. यंत्र गेले, त्याने लावलेले हातवळण राहिले.

दुसरी कथा मला फार आवडली. त्याच १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे हत्यार लिहिले. मोठ्या प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे योग्य क्रमाने जुळवून देणे हे त्याचे काम. त्याला द्यायच्या सूचनांत एक विचित्र नियम शिरला: आज्ञेची ओळ टॅबच्या कळेनेच सुरू झाली पाहिजे, त्याऐवजी मोकळ्या जागा सोडल्या तर चालणार नाही. आणि पडद्यावर टॅब आणि मोकळ्या जागा हुबेहूब सारख्या दिसतात! हा नियम गैरसोयीचा आहे हे कर्त्याच्या लवकरच ध्यानात आले. पण तोवर सुमारे डझनभर लोक ते वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. पुढे ते हत्यार जगभर गेले. २००३ साली त्याला अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा मानाचा पुरस्कारही मिळाला. आणि त्या डझनभर मित्रांना पडू नये म्हणून टाळलेला त्रास तेव्हापासून असंख्य नवशिक्यांनी सोसला आहे.

“मग काका,” पुतण्याने विचारले, “बदल न करणे बरोबर की चूक?”

प्रश्न अवघड होता. माझे मोडीचे कागद एका बाजूला, फेल्डमनचे डझनभर मित्र दुसऱ्या बाजूला. जुन्या हातांची कदर केली नाही तर एक पिढी मुकी होते. जुन्या हातांचीच कदर करीत बसले तर पुढच्या सगळ्या पिढ्या अडखळतात. मी त्याला एवढेच म्हटले की त्या गृहस्थांना निदान आपल्या डझनभर माणसांची आठवण तरी होती.

तिसरी कथा कुरकुर ऐकली गेल्याची. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ’ या हत्याराचे नवे रूप आधी चाचणीसाठी लोकांपुढे ठेवले. त्यात रंगीत चित्रखुणा करड्या करून टाकल्या होत्या. लिहिणाऱ्याचे लक्ष मजकुरावर राहावे हा हेतू. लोकांनी गिल्ला केला की आता एक खूण दुसरीपासून ओळखू येत नाही. पुढच्या आवृत्तीत काही रंग परत आले. पण त्याच वेळी वरच्या यादीतले शब्द सगळेच्या सगळे इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांत आले. पुन्हा गिल्ला. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून आपल्याला याची मौज वाटेल. पण इंग्रजी वाचणाऱ्याला सारी मोठी अक्षरे म्हणजे कानाशी ओरडण्यासारखी. शेवटी ती अक्षरे पूर्ववत करून घेण्याची सोय देण्यात आली. वाटी फिरवली खरी, पण ज्याला हवी त्याने पूर्वीच्या जागी ठेवावी, एवढी मोकळीक मिळाली.

आता माझ्या अन्यायाची गोष्ट.

मराठीत एक बारीकसा ‘र’ आहे. ‘आचार्यास’ बोलावले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यास’ बोलावले तर स्वयंपाकी येईल. फरक त्या एका रेघेचा. हिंदीत हा र नाही, म्हणून सगळ्या भारताचा विचार करून यंत्र घडवताना तो हमखास बाजूला पडतो. परदेशी तज्ज्ञांनी त्याला पापणीच्या केसाची उपमा दिली आहे. केस खराच बारीक, पण पापणीचा केस डोळ्यात गेला म्हणजे काय होते ते ज्याचे त्याला माहीत. आमच्या बेटात तर त्याच्यावाचून पान हलत नाही. शेतकऱ्याचा, गुऱ्हाळ, गिऱ्हाईक, कुऱ्हाड, दऱ्या, पायऱ्या! ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द नीट उमटत नसेल, तर महाराष्ट्रातल्या कचेरीने कागद काढावा तरी कसा?

जगातल्या सगळ्या लिप्यांना संगणकात एकच क्रमांकपद्धती देणारी युनिकोड नावाची व्यवस्था १९९१ साली आली. तिने देवनागरीची मांडणी आपल्या राष्ट्रीय प्रमाणावरूनच घेतली. त्या व्यवस्थेत हा बारीक र लिहिण्याच्या दोन रीती झाल्या. एका रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह. दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ आणि हलन्त. पुढे दुसरी रीत मुख्य ठरली, पण जुने कागद अडू नयेत म्हणून पहिलीही चालू ठेवली. कागदावर दोन्ही रीतींचे रूप एकच. यंत्राच्या पोटात मात्र त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी.

आमच्या कचेरीतला प्रोग्रॅम एकदा असाच ‘नवा’ झाला, आणि त्या र ची कळ बदलली. मी कुरकुर केली. मला सांगण्यात आले, “केसाएवढ्या रेघेसाठी तक्रार? उमटतो आहे ना? झाले तर!” उमटत होता हे खरेच. मी गप्प बसलो आणि नव्या कळेची सवय केली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने एक वृद्ध बाई एका यादीतले आपले नाव बघायला आली. तिचे आडनाव सांगत नाही. पण बोऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांत येतो तो ‘ऱ्ह’ त्यात होता. मी आडनाव लिहिले, शोधाची कळ दाबली. ‘नोंद नाही.’ मी म्हणालो, “आजी, तुमचे नाव नाही.” ती गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती काउंटरपाशी नुसती उभी राहिली आणि म्हणाली, “लेकरा, कागुद तर मी माझ्या हातानं दिला व्हता.”

त्या दिवशी काय वाटले कुणास ठाऊक, मी सगळी यादी पडद्यावर उघडली आणि जुन्या वहीसारखी पानापानाने डोळ्यांनी वाचत गेलो. अर्ध्या तासाने नाव सापडले. अक्षरन् अक्षर बरोबर. नाव नोंदवले होते जुन्या कळेने आणि मी शोधत होतो नव्या कळेने. यंत्राला ती दोन वेगळी आडनावे होती. बाई एसटीने तीन वेळा आली होती. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली होती. आणि ‘नाही’ हा शब्द यंत्राने नव्हे, मी माझ्या तोंडाने उच्चारला होता.

मग मी शोध घेतला. एका जाणकार मुलाने मला ते अदृश्य जोडचिन्ह समजावून सांगितले. तशी आडनावे मी यादीतून हुडकली, बरीच निघाली. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून ती एका रीतीने पुन्हा लिहिली आणि यावेळी तक्रार लेखी केली: कोणती कळ, कोणते अक्षर, कोणत्या गावच्या किती नोंदी अडल्या. लेखी तक्रारीला “केसाएवढी रेघ” असे उत्तर कुणी दिले नाही. पुढच्या खेपेला प्रोग्रॅम दुरुस्त होऊन आला. मग शोधताना दोन्ही रीती जुळवून बघितल्या जाऊ लागल्या.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. कुरकुर लहान आहे की मोठी हे रेघेच्या लांबीवरून ठरत नाही. ती रेघ कुणाच्या वाटेत आडवी येते यावरून ठरते. पुतण्याचे बटण सरकले तर त्याचा वेळ जाईल, तो चरफडेल, आठवड्याने हात वळेल. पण त्याच्यासारख्यांनी घडवलेल्या यंत्रात असेच काहीतरी सरकले तर काउंटरपलीकडची एखादी म्हातारी ते बोट दाखवून सांगूही शकणार नाही. तिला बटण दिसतच नसते. तिला फक्त ‘नाही’ ऐकू येते.

बदल नीट करता येतच नाही असे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी या देशाने चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा केला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे; तो पाव पैसा कुणी सोडायचा यावर बाजारात वाद होणारच. पण नव्या नाण्याला ‘नया पैसा’ असे वेगळे नाव दिले होते; जुनी-नवी नाणी काही काळ बरोबरीने चालली; आणि लोकांचा हात वळल्यावर, १९६४ साली, ‘नया’ हा शब्द काढून टाकला. शिवाय चार आणे बरोबर पंचवीस पैसे आणि आठ आणे बरोबर पन्नास, हे सांधे जुळत होते. म्हणून तिथे कुणी कुरकुरले नाही. ते आणे आजही आपल्या तोंडी आहेत. नव्या-जुन्याचा सांधा जिथे जुळतो तिथे माणूस न बोलता नव्या वाटेला लागतो. पाव पैसा जिथे उरतो तिथेच भांडण होते. हत्यार बदलणाऱ्याने तो पाव पैसा आधी शोधावा.

हे सगळे मी ओट्यावर पुतण्याला सांगितले. तोवर चकल्या अर्ध्या झाल्या होत्या. तो म्हणाला, “काका, म्हणजे मी आता काय करू?”

“जे मी पहिल्या वेळी केले नाही ते कर,” मी म्हटले. “चरफडू नकोस. लिहून कळव.”

मग आम्ही दोघांनी मिळून ते पत्र तयार केले. शिव्या गाळल्या, त्या त्याने बऱ्याच घातल्या होत्या. कोणते बटण कुठे होते, ते आता कुठे आहे, त्यामुळे हात कुठे चुकतो, आणि टॅब दाबल्यावर कोणता नको असलेला शब्द ओळीत शिरतो, हे एकेक करून मांडले. शेवटी त्याने आपणहून एक ओळ घातली: ज्यांना नवी मांडणी सोयीची वाटते त्यांची ती काढून घेऊ नये, जुनी हवी असेल त्याला ती निवडता यावी, एवढेच मागणे आहे. ती ओळ वाचून मला बरे वाटले. फेल्डमनचे डझनभर मित्र आणि पुढचे असंख्य नवशिके दोघांचीही सोय तिच्यात होती.

पत्र गेले. उत्तर येईल तेव्हा येईल. मी मात्र त्या संध्याकाळी माळ्यावर चढलो आणि ट्रंक खाली काढली. पाडव्यापासून पुतण्या आणि मी रोज रात्री मोडीचे एक पान घेऊन बसलो. मी शिकलो नव्हतोच. तेव्हा दोघेही एकाच इयत्तेत. तो पुस्तकातल्या तक्त्यावरून अक्षर ओळखतो, मी घराण्यातल्या नावांवरून अंदाज बांधतो. सुट्टी संपेपर्यंत दीड पान लागले. त्यात एका गुऱ्हाळाचा हिशेब निघाला, ढेपांच्या संख्येसह.

वहिनी पलीकडे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मामंजींचा हिशेब कधी चुकत नसे. नीट वाचा, चूक तुमचीच असेल.”

आम्ही पुन्हा वाचले. चूक आमचीच होती.